काळोखाचा मोजणीदार

त्या राज्यात रात्र उरली नव्हती, पण दफ्तरात ती रोज पुरी भरत होती. नगराच्या वेशीवर थोरला दिवा उभा होता आणि काळोख मोजायला राज्याने एक पतंग नेमला होता. मोजणीदाराची बैठक दिव्याच्या काचेवरच. तिथूनच तो वर बघे आणि लिही : आकाश जागेवर, तक्रार नाही.

ठकूबाई शेणकिडीला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, आकाश येत होतं. तिच्या कुळातल्या बायका आकाशगंगेचा पांढरा पट्टा धरून शेणाचा गोळा माळावरच्या मऊ मातीपर्यंत सरळ नेत. गोळ्यात अंडं. उजाडायच्या आत पुरलं तर पिल्लू, नाही तर वाळून खडा. दिवा आला तसा पट्टा पुसला गेला आणि गोळे भरकटून दिव्याखालच्या फरशीवर यायला लागले. फरशी काही उकरत नाही. ठकूबाईची दोन अंडी तिथेच वाळली. तिसरं आता गोळ्यात होतं.

ती मोजणीदाराकडे गेली. माळावरची माझ्या गोळ्याची वाकडी रेघ मोजा, म्हणाली. पतंगाने सांगितलं, रेघ वाकडी कारण पाय म्हातारे झाले. मग एकदा माळावर येऊन तरी बघा, म्हणाली.

"अहो बाई, तिकडे अंधार असतो. अंधारात मोजणी कशी करायची?"

ठकूबाई माघारी वळली. "मग बसा इथंच. मोजणी आम्हीच घेऊन येतो."

तिने सात गोठ्यांवरच्या आपल्या कुळातल्या बायकांना निरोप धाडला : ताजं शेण घेऊन या. वाट चुकायची भीती नव्हती. सगळ्या वाटा दिव्याकडेच येत होत्या. एरवी रडत पोचणाऱ्या बाया त्या रात्री कंबर कसून पोचल्या, काचेवर चढल्या आणि माळाच्या अंगाने गोवऱ्या थापायला लागल्या. पतंग राजद्रोहाची कलमं सांगू लागला.

"पंख आवर, भाऊ," एक म्हणाली, "नाहीतर तुझ्यासकट थापीन."

त्या बाजूची काच बुजली. गोवऱ्यांच्या फटींतून तेवढे उजेडाचे ठिपके येत होते. जन्मात पहिल्यांदा काळोख पाहिलेल्या मोजणीदाराने घाईघाईने ते ठिपके मोजले आणि लिहिलं : तारे, अकरा.

माळावर पांढरा पट्टा उमटला होता. ठकूबाईने फरशीच्या काठाशी ठेवलेल्या आपल्या गोळ्याला मागचे पाय लावले. शेणकिडी गोळा ढकलते ती उलट पावली चालत. म्हणून जाताना ती मोजणीदाराच्या डोळ्याला डोळा भिडवूनच गेली, आणि दोघांमधल्या धुळीत एक रेघ लांबत राहिली, कुठेच न वाकता.