तीन रानांतल्या शेंगा

माणसांनी बाजार मांडायच्या कितीतरी आधी एका खारीची ढोली शेंगांनी गच्च भरली होती. थंडीत परमुलखातून येणारी भोरडी ते पाहून फांदीवर बसली.

"सगळं एकाच ढोलीत ठेवतं का कुणी, खारूताई? तीन मुलखांतल्या तीन रानांत ठेव. एक बुडालं तरी दोन तारतील, वर शेंगा वाढतीलही. पोचवायची माझी दलाली चोचभर."

खारीला पटलं. तिच्या शेंगा उत्तर, पूर्व आणि दक्षिणेच्या रानांत गेल्या. शेजारणी ढोली भरत बसल्या की ती म्हणायची, "आमचं आता सगळं बाहेरच असतं."

उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरेच्या रानात वणवा पेटला. खार निर्धास्त मनाने पूर्वेच्या रानात गेली. तिथली राखणदार घूस म्हणाली, "तुमच्या शेंगा ना? जास्त वाढाव्यात म्हणून आम्ही त्या उत्तरेत ठेवल्या होत्या." दक्षिणेची घूस म्हणाली, "आम्ही पूर्वेला दिल्या. तिथलं रान फार भरवशाचं, असं ऐकलं होतं."

रिकाम्या पोटी परतलेल्या खारीने भोरडीला गाठलं. "आणि तुझ्या वाट्याच्या शेंगा गं? त्या कुठल्या रानात ठेवल्यास?"

भोरडीने फांदीवर चोच पुसली.

"ठेवतेय कशाला, बाई? मी त्या मिळाल्या तिथेच खाल्ल्या."