निळ्या गाठीची लोकर

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याला मेघवती नावाच्या नगरात महीधर राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथे लोकरीचं सूत विकणारे व्यापारी होऊन जन्मले होते. राजवाड्यात जन्मायची सोय असताना मेंढ्यांच्या वासात जन्मले. आता आवड एकेकाची.

तिथल्या मेंढ्यांची लोकर लोण्यासारखी मऊ. पण अंगावर कातडीच्या वळ्याच वळ्या, जशी काही आजोबांचा सदरा घालून फिरतायत. घाईनं कातर चालवली की लोकरीबरोबर कातडीही जायची. म्हणून बोधिसत्त्वांच्या माणसांची पद्धत ठरलेली. मेंढीला ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, एकेक वळी अंगठ्यानं ताणायची, मगच कातर. सकाळभरात चार मेंढ्या झाल्या तरी खूप. अशा सुताच्या लडीला बोधिसत्त्व निळ्या दोऱ्याची गाठ मारायचे. म्हणजे या लोकरीपायी कोणाचं रक्त सांडलेलं नाही.

त्याच बाजारात वसुक नावाचा दुसरा व्यापारी होता. त्याची माणसं सकाळभरात चाळीस मेंढ्या उरकायची आणि जखमांवर राख फासायची. निळ्या गाठीला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर त्यानं काय केलं? पद्धत नाही बदलली. निळा दोरा आणला.

तेवढ्यात राणीला मुलगा झाला. राणी म्हणाली, "माझ्या बाळाचं दुपटं निळ्या गाठीच्याच सुताचं हवं. कुणाला रडवून काढलेला एक धागाही त्याच्या अंगाला लागता कामा नये."

दोघंही लड्या घेऊन हजर. दोन्हीकडे निळी गाठ.

वसुक बोंबलला, "महाराज, ह्यानं माझी गाठ चोरली!"

राजा वैतागला. "उद्या सकाळी दोघं आपापल्या मेंढ्या घेऊन या. जो खोटा ठरेल त्यानं दुकान सोडून नगराबाहेर जायचं. त्याचा कळप दुसऱ्याचा."

दुसऱ्या दिवशी वसुक सहा गुबगुबीत मेंढ्या घेऊन आला. लोकर भरपूर वाढलेली, त्यामुळे खालचे व्रण दिसत नव्हते. हाताला गूळ चोळलेला, मेंढ्या नुसत्या चाटत होत्या. शिवाय त्या लांब जाऊ नयेत म्हणून पठ्ठ्यानं सहाही दोर अंगरख्याच्या आत स्वतःच्या कमरेला बांधले होते.

"बघा महाराज," वसुक म्हणाला, "मला सोडतच नाहीत हो! लेकरं आहेत माझी."

बोधिसत्त्वांनी एकच मेंढी आणली होती. म्हातारी भुरी. ती मालकाकडे ढुंकूनही बघेना. प्रधानाच्या पगडीचा शेमला लोंबत होता, तो तिनं निवांत चघळायला घेतला.

"अहो शेठ, आवरा हिला!" प्रधान ओरडला.

वसुक खदखदून हसला. "हिला तर मालकही ओळखू येत नाही!"

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, आम्ही दोघं व्यापारी. आमचं काय ऐकता? मेंढ्यांनाच विचारू."

त्यांनी झोळीतून कातर काढली आणि हवेत नुसती वाजवली. कच्. कच्.

वसुकच्या मेंढ्यांचे कान ताठ झाले. दुसऱ्या क्षणाला सहाच्या सहा दाराकडे उधळल्या आणि त्यांच्यामागे वसुकही निघाला, पोटावर घसरत. "थांबा गं! थांबा गं बायांनो!" कुठल्या थांबतात! सभेतून अंगणात, अंगणातून थेट कमळांच्या तळ्यात. गूळ धुऊन निघाला.

इकडे भुरीनं शेमला सोडला. तुरुतुरु चालत बोधिसत्त्वांपाशी आली, त्यांच्या पायाला पाठ टेकवून ढुंगणावर बसली आणि मान वर केली. उन्हाळा तोंडावर आलाय, आटपा लवकर.

राणीच्या मांडीवरचं बाळ खुदकन हसलं. मग काय, सगळी सभाच हसली.

राजा डोळे पुसत म्हणाला, "शेठ, आता वसुकचं दुकान तुमचं, कळपही तुमचा. अख्ख्या बाजारात तुम्ही एकटेच."

बोधिसत्त्वांनी दाराकडे बघितलं. वसुक निथळत उभा होता, डोक्यावर कमळाचं पान. दोर तोडून सुटलेल्या त्याच्या मेंढ्या लांब कोपऱ्यात एकमेकींना चिकटून थरथरत होत्या.

"महाराज, वसुकशेठ गेले तर जातील तिथल्या मेंढ्यांनाही माणूस म्हणजे कातर एवढंच कळेल," बोधिसत्त्व म्हणाले. "यांना इथंच राहू द्या. कातरणं मी शिकवतो. ज्या दिवशी यांची मेंढी कातरीचा आवाज ऐकून आपणहून येऊन बसेल, त्या दिवशी यांनी निळी गाठ मारावी."

वसुकला वाटलं, हे आठवड्याचं काम. दोन वर्षं लागली! बोधिसत्त्व रोज आपलं दुकान सोडून त्याच्या मेंढवाड्यात जायचे, त्याचा अंगठा धरून वळी ताणायला लावायचे. वसुकनं लाथा खाल्ल्या, शेणात बसला, एका एडक्यानं तर त्याला कुंपणापलीकडे टाकलं. आणि एका सकाळी त्यानं कातर वाजवली, तेव्हा ज्या मेंढीनं सगळ्यात पुढे होऊन त्याला तळ्यात ओढलं होतं, तीच आली आणि त्याच्या पायाशी बसली. वसुकनं कातर खाली ठेवली आणि आधी पोटभर रडून घेतलं. मग पळत बाजारात बोधिसत्त्वांच्या दुकानी गेला, निळा दोरा मागायला.

त्या वेळचा वसुक म्हणजे या जन्मी आपल्या विहारातला तिस्स भिक्षू, जो परवा दुसऱ्यानं झाडलेलं अंगण मीच झाडलं म्हणून मिरवत होता. हसू नका, तोही हसतोय. भुरी म्हणजे विहाराच्या दाराशी बसून सगळ्यांना दटावणारी उप्पला आजी. आणि तो सूतवाला व्यापारी म्हणजे स्वतः आपले गुरू. हरलेल्याचं दुकान घेण्यापेक्षा त्याचा अंगठा धरून शिकवणं, हीच करुणा.