कोंडाबाईच्या मळ्यातली उतरण

कृष्णेच्या काठी नांदवडी नावाचे गाव आहे. गावाबाहेर पिंपळाखालच्या लहानशा मठात केवळगिरी महाराज राहत असत, त्या काळची ही कथा. तेव्हा नांदवडीला चहूबाजूंनी पानमळे होते. शेवरीच्या उंच सरळ झाडांवर नागवेली चढलेल्या असत. आत शिरताना माणूस पायताण बांधावरच काढी, आवाजही आपोआप खाली येई. बाहेर कितीही ऊन असो, आत हिरवा गारवा. आज ते मळे राहिले नाहीत, पण तो गारवा अंगाला आठवतो.

त्या गावात कोंडाबाई नावाची एक म्हातारी बाई होती. मूलबाळ नव्हते. नवरा धोंडीबा श्रावणात गेला आणि मळ्यातल्या खोपीत ती एकटी उरली. रोज पहिल्या पानांचा विडा करून ती महाराजांपुढे ठेवी, घटकाभर मुकाट बसे आणि परत जाई. कित्येकदा दिवसभरात ती तेवढ्यापुरतीच माणसांत येई. महाराजही तिला काही विचारत नसत. तिला बसू देत.

थंडी सरली आणि उतरणीचे दिवस आले. शेंड्यापर्यंत गेलेला वेल शेवरीला बांधलेले बांध सोडून खाली घ्यायचा, त्याचे वेटोळे बुडाशी मातीत पुरायचे आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. मग वेल नव्याने चढतो. हे काम दोघांचे. एकाने शिडीवरून बांध सोडायचे, दुसऱ्याने खाली वेल झेलायचा. झेलणारा नसला, तर वेल आपल्याच भाराने पेरावर मोडतो. आणि उतरण चुकली, तर उन्हाळ्याच्या वाऱ्यात मळा वाळून जातो. आजवर धोंडीबा शिडीवर असे आणि कोंडाबाई खाली.

गावात पैऱ्याची रीत होती, आज यांच्या मळ्यात सगळे, उद्या त्यांच्या. कोंडाबाई पैरा मागायला रायगोंडाकडे गेली. गावातला सर्वांत मोठा मळा त्याचा, त्याने हो म्हटले की बाकीचे येत.

रायगोंडा कट्ट्यावर बसला होता. म्हणाला, "वैनी, पैरा म्हंजे एक दिवस आम्ही तुमच्यात, एक दिवस तुमचा गडी आमच्यात. तुमच्याकडनं कोण येणार?"

"मी येईन की, भावजी. खाली वेल धरीन."

"बाया आमच्याकडं ढीग हाईत. शिडीवर कोण चढंल? रोज विडा खाऊ घालताय, त्या महाराजांना सांगा की!"

कट्ट्यावरची माणसे हसली. कोंडाबाई पदर सावरून परत फिरली. महाराजांना मात्र तिने काही सांगितले नाही.

पुढे एका सकाळी वारा सुटला. मोकळे शेंडे हेलकावू लागले. त्या दिवशी मठात भजन होते, सारा गाव तिकडे गेलेला. शेजारच्या मळ्यांत चिटपाखरू नव्हते. आता थांबून चालणार नव्हते. कोंडाबाईने शिडी लावली आणि जन्मात पहिल्यांदा वर चढली. पहिला बांध सोडला. वेल सरसरत गेला आणि कट् करून मोडला. धोंडीबाने स्वतःच्या हातांनी लावलेला वेल तो!

डोळे पुसून तिने दुसऱ्या वेलाला हात घातला. आणि काय झाले कोणास ठाऊक, इतक्या वर्षांची सवय, तिच्या तोंडून निघून गेले, "अहो, धरा हं!"

खालून आवाज आला, "धरलाय. सोड."

तिकडे मठात महाराज डोळे मिटून बसले होते. रायगोंडाही आला होता, भजनाला कमी आणि जेवणाला जास्त. पंगत बसली तरी महाराज उठले नाहीत. त्यांचे दोन्ही हात वर जात, काहीतरी अलगद झेलीत आणि गोल गोल फिरत खाली येत.

"महाराज माश्या वारतात का काय?" रायगोंडा कुजबुजला.

महाराज डोळे न उघडता म्हणाले, "वेल नाजूक असतो, बाबा. खाली कोणीतरी लागतं."

रायगोंडाचा घास हातातच राहिला. जन्म पानमळ्यात गेलेला माणूस तो. हात असे केव्हा फिरतात, हे त्याला कोणी सांगायला नको होते. मग तो तिथून हललाच नाही.

दिवस कलला तेव्हा महाराजांनी डोळे उघडले. उठू लागले, तर कंबर सरळ होईना. रायगोंडाने धावत जाऊन हात दिला. महाराजांच्या नखांत ओली माती होती आणि तळव्यांना कोवळ्या पानांचा वास! महाराजांनी त्याच्याकडे बघितले. रायगोंडाची मान खाली गेली. त्यांच्या पायांवर डोके ठेवून तो तसाच कोंडाबाईच्या मळ्याकडे धावला.

सगळ्या मळ्याची उतरण झाली होती. ओळीओळीने वेटोळी पुरलेली, कोवळे शेंडे शेवरीला टेकलेले. कोंडाबाई पाटाच्या कडेला बसली होती.

"वैनी, खाली कोण होतं?"

"मी बघितलं नाही, भावजी."

"दिवसभरात एकदाबी नाही?"

"शिडीवरनं उतरायची, तोवर पानं पुढच्या ओळीत हललेली असायची. वाकून बघितलं असतं, तर दिसलं असतं. पण बघितलं आणि हे नसले, तर? म्हणून नाही बघितलं. हाक मारत राहिले, ओ येत राहिली. श्रावणापासनं या मळ्यात मला कुणी ओ दिली नव्हती."

रायगोंडाला महाराजांचे नाव सांगता आले असते. ते त्याच्या ओठांवर आलेही होते. ते त्याने गिळले.

"तुम्ही ज्याला हाक मारली, वैनी, तोच होता," तो म्हणाला, आणि त्या म्हातारीच्या मातीने भरलेल्या पायांवर त्याने डोके टेकले.