नेमलेला बहिरा

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका मुलखावर दूर देशाहून आलेल्या टोपीकरांचं राज्य होतं. ते आले तेव्हा फक्त मिरी घ्यायला आले होते. मिरी घेतली, मग बंदर घेतलं, मग मुलूख घेतला आणि शेवटी माणसंही घेतली. माणसांची किंमत मात्र त्यांनी कोणाला दिली नाही. मुलूख आपला झाल्यावर त्यातल्या वस्तूंचे पैसे कोण देतो?

टेकडीवर टोपीकर साहेबाची कोठी होती. खालच्या गावाने प्रत्येक घरातलं एक माणूस तिथे राबायला द्यायचं, अशी रीत होती. कोठीच्या मोठ्या खोलीत छताला कापडी झालरीचा पंखा टांगलेला होता. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओसरीवर येई आणि तिथे बसून एक पंखेवाला ती दिवसभर ओढत राही.

पंखेवाला बहिरा असला पाहिजे, असा साहेबाचा नियम होता. आत राज्यकारभाराच्या गोष्टी चालत, त्या बाहेर जायला नकोत. नियम शहाणपणाचा होता, पण गावात बहिरा एकच होता आणि तो म्हातारा होऊन मेला. साहेबाला ‘नाही’ म्हणायची कारभाऱ्याची छाती नव्हती. तेव्हा त्याने कचेऱ्यांमध्ये करतात तेच केलं. नियमाला धक्का लावला नाही. कान चांगले असलेल्या एका तरुणाला बहिरा नेमलं.

साहेब पाठीमागे तांब्याचं ताट टाकून परीक्षा घेत असे. म्हणून त्या तरुणाची बायको रोज त्याच्या मागे उभी राहून ताट आपटायची. आधी तो दचकायचा आणि ती हसायची. पुढे तो दचकेनासा झाला, तेव्हा तिचं हसू थांबलं.

पंखेवाला नोकरीत पक्का झाला. एका वर्षी जहाज आलं आणि गावातल्या काही मुली त्यात भरल्या. दूरच्या बेटांवर उसाचे मळे होते, तिथे माणसं विकली जात. त्या मुलींत पंखेवाल्याची धाकटी बहीण होती. ओसरीखालून नेताना तिने भावाला पाहिलं आणि “दादा” अशी हाक मारली. साहेब दारात उभा होता. पंखेवाल्याने मान वळवली नाही. वळवली असती तरी बहीण सुटली नसती, हे बायकोने त्याला पुढे अनेकदा समजावलं. त्याला ते पटतही होतं. फक्त त्या दिवसापासून भाकरीचा प्रत्येक घास त्याला पाण्याबरोबर गिळावा लागे.

साहेबाला सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. इथली हवा मानवली नाही म्हणून तिची आई मायदेशी निघून गेली होती. मुलगी गावातल्या आयेच्या कडेवर वाढली, त्यामुळे गावची भाषा बोलायची. दुपारी एकटी पडली की ती पंख्याशी गप्पा मारायची. “पंख्या, आज पेज खारट होती,” “पंख्या, तुला झोप येत नाही का?” असं चाले. बाहेर बसलेला बहिरा सगळं ऐकायचा आणि दोरी ओढायचा.

एके दिवशी त्याने आत साहेबाला कारभाऱ्याशी बोलताना ऐकलं. या वेळी जहाज मोठं येणार होतं. खालचं अख्खं गाव त्यात भरायचं ठरलं होतं. मळ्यांवरची माणसं फार लवकर संपतात, अशी साहेबाची तक्रार होती.

त्या संध्याकाळी बातमी गावात पोहोचली. सगळं गाव जिला आत्या म्हणे, त्या जाणत्या म्हातारीने बेत ठरवला. साहेब जहाजाला सामोरा बंदरावर जाईल, त्या दिवशी सगळ्यांनी थोडेथोडे करून खाडीपलीकडच्या जंगलात निसटायचं. कोठीवरच्यांनी एकेक करून निघायचं. पंखेवाल्याने मात्र शेवटी. पंख्याची कुरकुर थांबली तर फाटकावरचा पहारेकरी वर येईल, म्हणून अंधार पडेपर्यंत दोरी ओढत राहायचं. साऱ्या गावाचा जीव त्या कुरकुरीवर टांगलेला होता.

तो दिवस उजाडला. साहेब कारभाऱ्याला घेऊन बंदरावर गेला. पाणक्या गेला, आचारी गेला, दुपारी आयाही डोळे पुसत गेली. मुलगी तापाने फणफणली होती. आयेने तिला पंख्याखाली झोपवलं होतं, पण ती थोड्याच वेळात जागी झाली.

“आये, पाणी,” ती म्हणाली. कोणी आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग बापाला मारली. शेवटी अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, “पंख्या, तू तरी ये ना.”

पंखेवाल्याने आणखी दोन-चार वेळा दोरी ओढली. मग दोरी खाली ठेवली आणि ज्या खोलीला इतकी वर्षं वारा घातला, तिच्यात तो पहिल्यांदाच शिरला.

माठ उंच तिवईवर होता. त्याने पेला भरला आणि मुलीला टेकवून बसवून पाणी पाजलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“तूच पंखा का?”

“हो.”

“तुला ऐकू येतं?”

“येतं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तुझ्या बाबांनी मला विकलं असतं.”

मुलीने थोडा विचार केला. ते खरं असावं, असं तिला वाटलेलं दिसलं. “उद्या येशील?” तिने विचारलं.

इतक्या वर्षांनी तोंड उघडल्यावर खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, “नाही बाळ.”

तेवढ्यात पहारेकरी धापा टाकत दारात आला. पंखा थांबला होता आणि आतून बोलणं ऐकू आलं होतं. कोण बोलत होतं, असं त्याने दरडावून विचारलं.

“मीच,” मुलगी म्हणाली. “तो बहिरा आहे, त्याच्याशी मलाच बोलावं लागतं. मी दारात जाऊन खुणेने पाणी मागितलं.”

पहारेकऱ्याने पेला उचलून पंखेवाल्याच्या मागे फरशीवर आपटला. मुलगी दचकली. पंखेवाला स्वस्थ उभा होता. पहारेकऱ्याची खात्री पटली. बहिऱ्याला चार शिव्या देऊन आणि ओसरीकडे बोट दाखवून तो पोरीच्या उशाशी बसला. आया कुठे उलथली, हे त्याला कळेना; पण साहेबाची पोर तापात एकटी सोडून उठायची त्याची हिंमत नव्हती.

फाटकावर आता कोणीच नव्हतं. पंखेवाल्याला तेव्हाच निघता आलं असतं. पण तो ओसरीवर जाऊन बसला आणि अंधार पडल्यावरही, मुलीला झोप लागेपर्यंत दोरी ओढत राहिला. आपल्या मर्जीने घातलेला त्याचा तो पहिला वारा.

उजाडता उजाडता तो खाडी पोहून जंगलात पोहोचला. सगळं गाव सुखरूप होतं. उशीर का झाला ते त्याने सांगितलं, तशी आत्या उसळली. तिची स्वतःची नात जहाजातून गेली होती. “घोटभर पाण्यापायी सगळ्यांना विकायला निघाला होतास,” ती म्हणाली. “आणि कोणाच्या पोरीसाठी? तिच्या बापाने आपल्या किती पोरी नेल्या, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, आत्या.”

“मग?”

“ऐकू येऊनही न ऐकायची नोकरी मी कालच सोडली. तीच इथे करायची असेल, तर खाडी कशाला पोहलो?”

आत्याचा राग गेला नव्हता, आणि तो जावा असं त्यानेही म्हटलं नाही. मग तिने पदराखालची भाकरी काढून त्याच्यासमोर ठेवली.

जहाज रिकामंच परत गेलं. टोपीकरांचं राज्य जायला पुढे बरीच वर्षं लागली. राज्यं काही एका दुपारीत जात नाहीत.

त्या सकाळी पंखेवाला भाकरी खात असताना मागून बायको आली. “अहो, ऐकलंत का?” ती हळूच म्हणाली. सवयीने त्याची मान हलली नाही. तिने तितक्याच हळू पुन्हा म्हटलं, “अहो, ऐकलंत का?”

घास तोंडात तसाच ठेवून तो मागे वळला. “ऐकलं,” तो म्हणाला, “बोल.”

तात्पर्य: हाकेला ओ देता यावी, यासाठी स्वातंत्र्य लागतं, आणि ओ द्यावीशी वाटावी, यासाठी माणूस उरावा लागतो.