भैरूचं लर्निंग लायसन

आंबेखडी गावात भैरू नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं दांडगा, मनानं निर्मळ, आणि सांगितलेलं काम तंतोतंत करणारा. "जरा दाराकडं बघ" म्हणून कुणी त्याला बसवलं, तर तो दाराकडंच बघत बसायचा. मग चोर खिडकीतून का जाईना.

त्याला एक थोरली बहीण होती. तिला सगळा गाव अक्काच म्हणायचा. आईबाप गेल्यावर तिनंच भैरूला वाढवलं. डेअरीचा दुधाचा टेम्पो ती स्वतः चालवायची. भैरूचं एकदा लग्न लागलं की आपण मोकळ्या, एवढं एकच तिच्या मनात होतं.

लग्न जमलंही. मळेवाडीच्या केरबा मोहित्यांची सारिका. मुलीनं मुलगा बघितला, हसली आणि हो म्हणाली. पण केरबांनी अट घातली.

"माझ्या दारात जीप हाय. मी आता थकलो. जावयाला गाडी आली पायजे, आणि तीबी कायद्यानं. आधी लेखी परीक्षा पास व्हायचं, लर्निंग लायसन दाखवायचं, मग अक्षता."

भैरूला अक्षरं लावत लावत वाचावं लागायचं. म्हणून अक्कानं नियमांचं पुस्तक आणलं आणि रोज संध्याकाळी त्याला वाचून दाखवायला लागली.

"हे बघ भैरू," ती म्हणाली, "रोज एकच नियम. पण पक्का करायचा. नियम कुठंही मोडायचा नाही."

"कुठंही न्हाई," भैरू म्हणाला.

पहिला नियम असा होता की, पुढचं दिसत नसेल तर वळणावर हॉर्न वाजवावा.

दुसऱ्या दिवशी गावात कुलकर्ण्यांची आजी वारली. भैरू भेटायला गेला. जुनं घर, खोलीतून खोली, बोळातून बोळ. दरवाजातून वळला की भैरू ओरडायचा, "पों पों!" सोप्यात पों पों. माजघरात पों पों. आतल्या खोलीत बायका रडत बसल्या होत्या. भैरूनं दाराच्या चौकटीशी थांबून असा काही दमदार हॉर्न दिला की रडणं जागच्या जागी थांबलं. घरातल्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

अक्कानं कपाळाला हात लावला. "अरे मूर्खा, अशा ठिकाणी हॉर्न वाजवतात का? दवाखाना, शाळा, दुखवट्याचं घर, ही शांतता क्षेत्रं. तिथं गप्प, हळू जायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"न्हाई काढणार," भैरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अक्का शाळेसमोर टेम्पोत दुधाचे कॅन चढवत होती. तिची पाठ रस्त्याकडं. तेवढ्यात पाटलांचा बैल दावं तोडून आला आणि शिंगं खाली घालून सरळ अक्काच्या रोखानं निघाला. भैरूनं बघितलं. मग त्यानं शाळेची पाटी बघितली. तोंडावर हात ठेवला आणि पायांतल्या वहाणा काढून हळूहळू, चवड्यांवर, अक्काकडं निघाला. बैल त्याच्या आधी पोचला. अक्का रस्त्याकडेच्या उकिरड्यात पडली आणि कॅनभर दूध रस्त्यावर वाहिलं.

"तुला बैल दिसला नाही?" उकिरड्यातून उठत अक्का म्हणाली.

"दिसला की. पर शाळा हुती."

"मग निदान हात तरी दाखवायचास! इशारा म्हणून काही असतं की नाही? उजवीकडं वळायचं असलं की उजवा हात खांद्याच्या रेषेत लांब करायचा. सरळ. म्हणजे लोकांना कळतं."

"खांद्याच्या रेषेत," भैरूनं पाठ केलं. "सरळ."

त्या आठवड्यात गावच्या देवळात भंडारा झाला. अक्कानं केरबांनाही बोलावलं. भैरूकडं आमटी वाढायचं काम आलं. गडी डावखुरा, म्हणून उजव्या हातात बादली, डाव्या हातात ओगराळं. पहिली पंगत त्यानं झकास वाढली. पंगतीच्या टोकाला त्याला उजवीकडच्या रांगेकडं वळायचं होतं. टोकाच्या पानावर केरबा बसले होते, गुलाबी फेटा बांधून.

भैरू थांबला. त्यानं उजवा हात खांद्याच्या रेषेत लांब केला. सरळ. हातात बादली होती, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

केरबांचा फेटा गुलाबीचा पिवळा झाला. आमटी गरम होती. केरबा उठून उभे राहिले आणि जे बोलले, ते देवळात बोलायचं नसतं. भैरू घाबरला आणि उसात पळाला.

अक्कानं त्याला उसातून शोधून काढलं. "पळालास कशाला? अपघात झाला की पळायचं नसतं! जखमीला उचलायचं, दवाखान्यात न्यायचं आणि पोलीस चौकीत वर्दी द्यायची. पुस्तकात पान बेचाळीस. हे विसरलास तर मला तोंड दाखवू नको."

भैरू विसरला नाही.

चार दिवसांनी अक्का त्याला माफी मागायला मळेवाडीला घेऊन गेली. केरबांचा राग निवळला होता. सारिकानं चहा ठेवला. भैरू पाया पडायला खाली वाकला. केरबांना भरून आलं, तेही त्याला उठवायला खाली वाकले. दोघांची डोकी अशी आपटली की आतून चहाचं पातेलं पडलं असं अक्काला वाटलं.

"काय न्हाई, काय न्हाई," केरबा डोकं चोळत म्हणाले. पण भैरूला पान बेचाळीस आठवलं. त्यानं भावी सासऱ्याला खांद्यावर टाकलं आणि धावत सुटला. केरबा अंगात बनियन, पायात काही नाही. भर पेठेतून, साऱ्या मळेवाडीसमोर, ते भैरूच्या पाठीवरून लोकांना हात जोडत सरकारी दवाखान्यात पोचले. तिथं त्यांना उतरवून भैरू चौकीत गेला.

हवालदारानं वही उघडली. "काय झालं?"

"अपघात."

"कुणाला ठोकलं?"

"सासऱ्याला."

"कशानं?"

"डोक्यानं."

"भांडण होतं काय?"

"न्हाई. पाया पडत हुतो."

हवालदारानं पेन खाली ठेवलं, भैरूकडं बघितलं, आणि पुन्हा उचललं. संध्याकाळी तो चौकशीला केरबांच्या दारात हजर झाला. हवालदार गेल्यावर केरबा म्हणाले, "अक्का, पुढच्या सोमवारपतुर लायसन आलं न्हाई, तर हे लगीन मोडलं म्हणून समजा."

"बाबा," आतून सारिका म्हणाली, "टाकून पळाले तर न्हाईत ना? दवाखान्यात पोचवलं की."

केरबांनी तिच्याकडं बघितलं. टेंगूळ चोळलं.

परतताना अक्काचे डोळे भरून आले. "एवढ्या जवळ जायचं कशाला रे माणसाच्या? पुढच्यापासून अंतर ठेवावं. तो अचानक थांबला तरी धडक बसू नये, एवढं अंतर."

"एवढं?" भैरूनं हात पसरले.

"त्याहून जास्त!" अक्का वैतागून म्हणाली.

शुक्रवारी तालुक्याला परीक्षा होती. भैरू सकाळी नवाला रांगेत उभा राहिला, पुढच्या माणसापासून दहा पावलं सोडून. नवीन येणाऱ्याला वाटायचं, रांग इथंच संपली. तो मध्ये उभा राहायचा. भैरू दहा पावलं मागं सरायचा. अकरा वाजता तो ऑफिसच्या फाटकात होता. एक वाजता रस्त्यापलीकडं, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी. पाच वाजता ऑफिस बंद झालं, तेव्हा तो एस.टी. स्टँडवर पोचला होता. त्यामुळं घरी यायला मात्र सोपं गेलं.

आता शनिवार-रविवार सुट्टी. राहिला सोमवारच.

"रांगेत अंतर ठेवतात का?" अक्का ओरडली. "रांगेत पुढच्याला चिकटून राहायचं! तो जाईल तिथं जायचं!"

सोमवारी भैरू पुढच्या माणसाला चिकटला. तो माणूस पाणी प्यायला गेला, भैरू गेला. तो मुतारीत गेला, भैरू गेला. शेवटी तो परीक्षेच्या खोलीत शिरून कॉम्प्युटरसमोर बसला, तेव्हा भैरू त्याच खुर्चीच्या उरलेल्या अर्ध्या भागावर बसला.

परीक्षेच्या साहेबांनी चष्म्यावरून भैरूकडं बघितलं. "हे तुमचे कोण?"

"पुढची गाडी," भैरू म्हणाला.

साहेब सज्जन होते. त्यांनी भैरूला सोडवून वेगळ्या खुर्चीत बसवलं. आणि मग एक नवल घडलं. पंधरा प्रश्न आले, भैरूनं एकेक अक्षर लावत वाचले आणि पंधराच्या पंधरा उत्तरं बरोबर दिली. कारण प्रश्न रस्त्यावरचे होते, आणि रस्त्यावरचं सगळं त्याला पाठ होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "चौकाचा प्रश्न सगळे चुकतात. तुम्ही उत्तर बरोबर दिलंत. सांगा पुन्हा एकदा."

"चौकात दिवा नसंल, पोलीस नसंल, तर उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. डावीकडचा आपल्यासाठी थांबंल."

"शाबास. एवढं जन्मभर पाळा, तुमच्या हातून अपघात होणार नाही."

भैरूनं मान डोलावली. अक्का बाहेर टेम्पोत बसून पदरानं डोळे पुसत होती. त्याच संध्याकाळी केरबांनी लायसन उलटसुलट करून तीनदा बघितलं आणि म्हणाले, "धरा मुहूर्त."

मुहूर्त निघाला गुरुवारचा, दुपारी बारा पस्तीसचा. मळेवाडीच्या वेशीवरच्या मारुतीपासून नवरदेव घोडीवर निघाला. पुढं बँड, बाजूला लगाम धरून अक्का, आणि घोडीच्या शेपटीला लाल अक्षरातली 'एल'ची पाटी. ती भैरूनं स्वतः बांधली होती.

वाटेत गावचौक लागला. मांडव डावीकडच्या रस्त्याला, हाकेच्या अंतरावर. उजवीकडच्या रस्त्याला बाजार. आणि गुरुवार हा मळेवाडीच्या बाजाराचा दिवस.

भैरूनं घोडी थांबवली.

"काय झालं?" अक्कानं विचारलं.

"उजवीकडनं बैलगाडी येतीय."

बैलगाडी गेली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला दोन ट्रॉल्या. मग भाजीवाल्या. मग सायकली. मग धनगराची मेंढरं, एकामागून एक, दोनशेच्या वर. भैरू प्रत्येकाला हात करून वाट देत होता. बँडवाल्यांना येत होती तेवढी गाणी वाजवून झाली, त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. बारा वाजले. सव्वाबारा वाजले.

"अरे चल रे बाबा!" अक्का लगाम ओढत म्हणाली.

"अक्का, नियम कुठंही मोडायचा न्हाई. तूच म्हणालीस."

अक्कानं लगाम टाकला आणि पदर खोचून मांडवाकडं पळाली. मांडवात सारिका मुंडावळ्या बांधून बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि उठली. "बाबा, जीप काढा. माझं ऐकतील ते."

जीप डावीकडच्या रस्त्यानं चौकात आली. सारिका शालू सावरत जीपमध्येच उभी राहिली आणि ओरडली, "अहो! पाच मिनिटं राहिली! चला की!"

भैरूनं उजवीकडं बघितलं. बाजाराचा रस्ता मोकळा होता. डावीकडं बघितलं. जीप थांबलेली होती. त्याचा चेहरा उजळला. त्यानं नवरीला तळहात दाखवून 'थांबा' अशी खूण केली, डावीकडं वळायचा इशारा केला, घोडीला टाच मारली आणि जीपच्या बाजूनं मांडवाकडं सुसाट सुटला.

केरबांनी जीप वळवायला घेतली. तेवढ्यात मेंढरांचा दुसरा कळप आला आणि जीपच्या चारी बाजूंनी भरला.

भैरू घोडीवरून उतरला, पाटावर जाऊन उभा राहिला. भटजींनी घाईघाईनं अंतरपाट धरायला लावला. लोकांनी मुठीत अक्षता घेतल्या. मंगलाष्टकं सुरू करता करता भटजींनी अंतरपाटापलीकडं वाकून बघितलं.

"नवरी कुठं आहे?"

अक्का पाटाकडं धावत म्हणाली, "भैरू, सारिका कुठंय रे? तुलाच आणायला गेली होती ती!"

"चौकात हाय," भैरू अभिमानानं म्हणाला. "लई हॉर्न दिला तिनं, पर मधी घुसली न्हाई. पोरगी नियमाची हाय, अक्का. संसार झ्याक हुईल आमचा."