काठावरचा माणूस

एकदा एक वृद्ध उस्ताद आपल्या टोळीला घेऊन एका मळ्यात विहीर खणण्यास आला. धोंडाजी त्याचे नाव. आयुष्यभर त्याने विहिरीच खणल्या होत्या. आता गुडघे साथ देईनात, म्हणून काठावर उभे राहून काम चालवण्याची जबाबदारी त्याने नागोजी या शिष्यावर सोपवली.

नागोजी अबोल होता. सकाळी माणसांना कामे नेमून दिली की तो दिवसभर काठाशी वाकून उभा राही. मळ्याच्या मालकाला हे रुचले नाही. सर्वांदेखत तो धोंडाजीला म्हणाला, "उस्ताद, मुकादम म्हणून मुका आणलात होय?"

टोळी हसली. धोंडाजी काहीच बोलला नाही.  त्या दिवसापासून नागोजीने दुसऱ्याच माणसाचे सोंग अंगावर चढवले. कमरेवर हात ठेवून तो गरजू लागला, "ओढा रे! हात मोडलेत का?" रहाट भरभर फिरू लागला. मालक खूश झाला. संध्याकाळी मात्र नागोजी सगळ्यांपासून दूर एकटाच जेवायला बसे. हसलेल्या माणसांचा त्याला राग येई, गप्प राहिलेल्या गुरूचा येई, आणि त्याहून अधिक स्वतःच्या त्या उसन्या आवाजाचा.

एका दुपारी विहिरीची एक बाजू खचली. तळाशी खणणारा कुशाबा कमरेपर्यंत मातीत गाडला गेला. त्याला कसेबसे वर काढल्यावर नागोजी त्याच्यावरच कडाडला, "माती सुटतेय हे आधी सांगता येत नव्हतं?"

कुशाबाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी धोंडाजी काठावर आला आणि त्याने स्वतःच्या कमरेला दोर बांधला. सगळे चकित झाले. "उस्ताद, या वयात?" नागोजीने दोर धरला.

"सोड. आणि काम चालू दे, काल चालवत होतास तसंच."

म्हातारा खाली उतरला. नागोजीने संतापातच आरोळ्या सुरू केल्या. बऱ्याच वेळाने दोराला हिसके बसले. धोंडाजीला वर ओढले, तेव्हा त्याचे अंग चिखलाने माखले होते आणि डोळे पेटले होते.

"काय ऐकलंस?" त्याने विचारले.

"काही नाही."

"मी खालून जीव तोडून हाका मारत होतो! 'माती सुटली, मला वर घ्या' म्हणत होतो. कुशाबानंही अशाच हाका मारल्या होत्या. तुला सांगायची त्याची छाती झाली नाही, मला येऊन सांगितलं."

नागोजीचाही बांध फुटला. "मग मला मुका म्हणाले, तेव्हा तुम्ही का गप्प बसलात?"

"कारण उत्तर द्यायचं काम तुझं होतं! एक वाक्य पुरलं असतं, पण ते तुझं हवं होतं. तू उत्तर दिलं नाहीस, सोंग आणलंस. अरे, ओरडणारी माणसं या टोळीत पुष्कळ आहेत. त्यातल्या कुणालाही मी काठावर उभं केलं असतं. तुला केलं, कारण खाली कुणी नुसता खोकला तरी तुझी मान वळायची. तळातला माणूस त्या कानाच्या भरवशावर कुदळीचा घाव घालतो. तोच कान तू स्वतःच्या आवाजानं बुजवलास."

एवढे बोलून म्हाताऱ्याने दोर त्याच्या पायाशी फेकला आणि तो पाठ फिरवून निघून गेला.

नागोजीने दोर उचलून गुंडाळला. मग तो कुशाबाजवळ गेला. "तू हाक मारलीस आणि मी ऐकली नाही," तो म्हणाला. "उलट तुझ्यावरच ओरडलो. चुकलो." खचलेल्या बाजूला लाकडी टेकू लागेपर्यंत त्याने कुणालाही खाली उतरू दिले नाही.

काम पुन्हा सुरू झाले, तसा मालक दुरूनच ओरडत आला, "का रे, आज सगळे झोपलेत की काय?"

नागोजी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. संताप आला होता, तरी त्याने आवाज चढवला नाही. "मालक, खाली माणसं आहेत. या काठावर मोठ्यानं बोलायचं नाही. तुम्हीही नाही."

मालकाने तोंड उघडले, नागोजीच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि तो दोन पावले मागे सरला. टोळीत कुणी हसले नाही.

त्या शांततेत तळातून कुशाबाचा नेहमीचा, न चढवलेला आवाज आला, "नागोजी, दोर जरा सैल सोड."

नागोजीने दोर सैल सोडला.