मापाला पावण्यांचा पाय

एका गावात सोपान नावाचा एक भोळा गडी होता. देवाने त्याला डोकं दिलं होतं, पण ते वापरायचं कसं हे सांगायचं राहून गेलं. घरात आई आणि लग्नाची बहीण शालन. मागच्या भिंतीला लागूनच ऊस होता, त्यामुळे साप घरात न विचारता येत-जात.

गावातला बबन साप पकडायचा. त्याने सोपानला बजावलं, "जनावर दिसलं की मारायचं न्हाई. फोटो काढायचा आन् मला पाठवायचा. मी येतो."

"बरं," सोपान म्हणाला. सोपान कशालाही बरंच म्हणायचा. तिथंच सगळा घोळ होता.

एकदा चुलीमागच्या सरपणात धामण दिसली. सोपानने फोटो काढला, बबनला पाठवला आणि भाकरी खायला बसला. आईने सरपणात हात घातला आणि तिची दातखीळच बसली.

भानावर आल्यावर ती म्हणाली, "मेल्या, मला का न्हाई सांगितलंस?"

"बबनला पाठवायचं हुतं. तू बबन हाईस व्हय?"

आईने कपाळावर हात मारला. आपलेच दात, आपलेच ओठ. "हितनं पुढं जनावर दिसलं की आधी बोंब मार. माणसं भाईर काढ."

"बरं," सोपान म्हणाला.

मग नागपंचमी आली. शेजारच्या चंपाकाकूंकडे आळीतल्या बायका पूजेला जमल्या होत्या. पाटावर मातीचा नाग, पुढे दूध-लाह्या. सोपानने दारातून नाग पाहिला आणि अशी बोंब ठोकली की बायका लाह्या तुडवत, एकमेकींच्या पदरांत अडकत रस्त्यावर आल्या. सोपानने निवांत फोटो काढला. बबन शेतातलं काम टाकून धावत आला.

"आरं, ह्यो तर वीतभर मातीचा. फोटोत मला सहा फुटी वाटला. शेजारी मापाला कायतरी ठेवत जा. आन् डोकं, शेपूट, सगळं आलं पायजे."

आई म्हणाली, "आन् चार माणसांत बोंब मारायची न्हाई. गप आपलं काम करायचं."

"बरं," सोपान म्हणाला.

पुढची धामण मोरीत निघाली. मापाला काय ठेवावं? अंगणात आईच्या कोंबडीची पिल्लं होती. त्यातलं एक त्याने उचललं आणि धामणीशेजारी ठेवलं. बबनला फोटो गेला तो फुगलेल्या धामणीचा.

"मापाला कायच न्हाई की रं ह्यात," बबन म्हणाला.

"हाय की. आत हाय."

बबनने धामण पोत्यात भरली आणि हात जोडले. "बाबा, जित्तं उचलून आणू नको. तिथं आधीच जे आसंल तेच मापाला धर. आन् कुनाला हलू दिऊ नको, हाललं की जनावर बिथरतं."

"बरं," सोपान म्हणाला.

अशात शालनला बघायला पाहुणे यायचं ठरलं. आधीचं एक स्थळ सोपानपायीच मोडलं होतं. हा मुलगा शालनने बाजारात पाहिला होता आणि तिला तो मनापासून आवडला होता. ती सकाळपासून दादाच्या मागे लागली. "दादा, आज कायसुदिक करू नको. तुझ्या पाया पडते."

"बरं," सोपान म्हणाला, आणि या वेळी त्याला ते खरंच जमवायचं होतं. बहिणीवर त्याचा फार जीव.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. पोहे झाले, शालन पाटावर बसली, मुलगा गालात हसला. आईला वाटलं, जमलं. एवढ्यात मुलाची आई म्हणाली, "सगळ्यांचा मिळून एक फोटू काढा की."

सोपानने मोबाइल धरला. पाहतो तर कॉटखालून नाग निघालेला, मुलाच्या वडिलांच्या पायाशी फणा काढून बसलेला. सोपानने बोंब मारली नाही. काही उचलून आणलं नाही.

"कुनी हलू नगा," तो गोड आवाजात म्हणाला. सगळे हसतमुख बसले. त्याने फोटो काढला आणि बबनला पाठवला.

"बघू तरी," मुलाची आई म्हणाली. तिने फोटो पाहिला. "आवो, ह्यात आमची तोंडं कुठं हाईत?"

"तोंडं न्हाईत. पर डोकं आलंय, शेपूट आलंय, मापाला पावण्यांचा पाय आलाय."

पाहुण्यांनी खाली पाहिलं. सगळ्यांनी पाय वर कॉटवर ओढून घेतले. तेवढ्यात बबनचा फोन आला. "सोपाना, नाग हाय त्यो. खोलीतनं निसटू दिऊ नको, भाईरनं कडी घाल. मी शेजारच्या गावात हाय, तासाभरात पोचतो. तवर दार उघडायचं न्हाई."

"बरं," सोपान म्हणाला. तो बाहेर आला, दार ओढून घेतलं, कडी घातली आणि ओट्यावर बसला.

आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मग आईचा. मग सगळ्यांचाच. कुणीतरी दारावर धडका मारू लागलं. सोपान ढिम्म हलला नाही.

बऱ्याच वेळाने चंपाकाकू कुंपणाशी आल्या. "सोपाना, जमलं का रं शालनचं?"

सोपान समाधानाने म्हणाला, "जमल्यातच जमा हाय, काकू. तास होत आला, पावणं जायाचं नावच घेईनात."